यवतमाळचा उलटा ताळेबंद

मुंबई-नागपूर लोहमार्गावर धामणगावला उतरलं की बाभूळगावमार्गे यवतमाळचा रस्ता धरता येतो. दिवाळी उलटून गेल्यावर या रस्त्याने निघावं. दोन्ही अंगांना बोंडं फुटलेली पऱ्हाटी उभी असते, तिच्या मधून फुलोऱ्यावर आलेल्या तुरीचे पिवळे तास जातात, आणि जिथलं सोयाबीन निघालं तिथलं वावर हरभऱ्यासाठी वखरलेलं किंवा नुकतंच पेरलेलं असतं. फाट्यावर खेडा खरेदीवाल्यांचे काटे लागलेले, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी. मैलोन्‌मैल शेती आहे, तरीही त्यातलं थेट चुलीवर चढेल असं फारसं काही नजरेस पडत नाही. ज्वारीचं कणीस दिसलंच तर मान वळते, इतकं ते विरळ झालं आहे. याच रस्त्यावरच्या रास्त भाव दुकानांतला गहू नि तांदूळ मात्र पंजाब, मध्य प्रदेश, छत्तीसगड अशा दूरच्या वावरांतून मालगाडीने आलेला असतो. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांचा, सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. वणीकडच्या कोळसा खाणी सोडल्या तर शेतीवाचून दुसरा मोठा आधार नाही. आणि धान्यासाठी तो परमुलखाकडे पाहतो. बाहेरून येणाऱ्याचं मत इथेच बनून जातं: नगदी पिकांच्या नादी लागून या लोकांनी आपलं अन्न घालवलं. यवतमाळबद्दल लिहिणाऱ्या अनेकांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं आहे. मला हे मत अर्धवट वाटतं, आणि त्याचा राहून गेलेला भाग यवतमाळपेक्षा दिल्लीशी जास्त निगडित आहे.

नगदी पिकाला दोष द्यायचाच तर दीडशे वर्षं मागे जावं लागेल. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला अचानक भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. तेव्हा हा जिल्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई; यवतमाळ हे नाव त्याला 1905 मध्ये मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्याच काळात मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, पुढे ‘शकुंतला’ म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसलेली. ती बांधण्यामागचा मुख्य विचार प्रवाशांचा नसून गाठींचा होता. लक्ष्मण सत्या यांनी 1850 ते 1900 या काळातल्या वऱ्हाडावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच कापूस आणि दुष्काळ शेजारी-शेजारी आहेत. त्यांचं म्हणणं असं, की कापसाच्या बाजाराने गावाची स्वतःची धान्याची तजवीज मोडून काढली आणि 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत माणसं त्याची किंमत मोजून गेली. हे म्हणणं मला पटतं, पण त्यावरून आजचा निष्कर्ष काढता येत नाही. कारण त्या दुष्काळांनंतरही कपाशीच्या खालोखाल या जिल्ह्यात ज्वारीच होती. 1908 चं गॅझेटिअर काढा, कापूस नि ज्वारी ही जोडी तिथे आहे. कपाशी आणि ज्वारी यांची फेरपालट हा इथल्या शेतीचा कणा होता आणि तो स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं टिकला. कपाशीने ज्वारी खाल्ली असती तर ती शंभर वर्षांपूर्वीच संपायला हवी होती. ज्वारीची जागा खरं तर सोयाबीनने घेतली, आणि तीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत.

यवतमाळ शहरातून पुढे पांढरकवड्याकडे निघण्याआधी एक ढोबळ हिशेब मांडतो. यातले आकडे जिल्ह्याच्या सर्वसाधारण क्षेत्रावरून आणि बेताच्या उत्पादनावरून धरले आहेत. कमी-जास्त होतील, पण दिशा बदलणार नाही. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाख 72 हजार होती. आज 30 लाख धरू. माणशी महिन्याला 10 किलो धान्य लागतं असं मानलं तर वर्षाला 3 लाख 60 हजार टन हवेत. कोरडवाहू ज्वारी हेक्टरी एक टन पिकली तरी त्यासाठी 3 लाख 60 हजार हेक्टर लागतील. खरिपाचं एकूण क्षेत्र नऊ लाख हेक्टरांच्या आसपास. म्हणजे चाळीस टक्के जमीन ज्वारीखाली घालावी लागेल. हे होणार नाही आणि होऊही नये. आता डाळीकडे वळू. माणशी महिन्याला दीड किलो डाळ, ही सढळ मोजणी झाली, तरी वर्षाची गरज 54 हजार टन. जिल्ह्यात तूर लाखभर हेक्टरांवर असते. हेक्टरी साडेसात क्विंटल धरली तर 75 हजार टन तूर, आणि तिची भरडून 50 हजार टनांच्या वर डाळ. रब्बीतला हरभरा याहून वेगळा. डाळीत जिल्हा आपल्या पायावर उभा आहे. राहिलं तेल. माणशी वर्षाला 20 किलो म्हणजे 60 हजार टन. सोयाबीनचं क्षेत्र पावणेतीन लाख हेक्टर, हेक्टरी एक टन, तेलाचा उतारा 18 टक्के: 49 हजार टन तेल. आणि कपाशी? तिला आपण रुईचं पीक म्हणतो आणि विसरून जातो की वेचलेल्या कापसाच्या वजनातला दोन-तृतीयांश भाग सरकी असते. साडेचार लाख हेक्टर, हेक्टरी आठ क्विंटल कापूस, त्यातली सरकी दोन लाख चाळीस हजार टन, तिचं तेल बारा टक्क्यांनी 29 हजार टन. गुरांना थेट जाणारी सरकी वजा केली तरी तेल गरजेहून जास्त निघतं, आणि ढेप उरते ती वेगळीच.

हा हिशेब देशाच्या हिशेबाशेजारी ठेवला तर एक विचित्र गोष्ट दिसते. 2024-25 मध्ये भारताने सुमारे दोन कोटी टन तांदूळ निर्यात केला. त्याच वर्षी 160 लाख टनांच्या आसपास खाद्यतेल आणि सत्तर लाख टनांहून अधिक डाळी आयात केल्या. तेलाच्या गरजेतला निम्म्याहून जास्त भाग इंडोनेशिया-मलेशियाच्या पामवर, अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयाबीनवर आणि रशिया-युक्रेनच्या सूर्यफुलावर चालतो. डाळ मोझांबिक, टांझानिया, म्यानमार, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून येते. म्हणजे देशाकडे जे ओसंडून वाहतं ते यवतमाळकडे नाही, आणि देशाला जे कमी पडतं ते यवतमाळकडे आहे. अन्नाच्या बाबतीत परावलंबी असलेल्या देशात हा जिल्हा परावलंबी ठरवला जातो तो केवळ पोत्यातला गहू-तांदूळ मोजून. तेल आणि डाळ मोजली तर यवतमाळ, वाशिम, अकोला, लातूर, हिंगोली असे कोरडवाहू जिल्हे देशाचं आयातीचं बिल कमी करणारे जिल्हे आहेत. असं असेल तर सरकारने त्यांना डोक्यावर घ्यायला हवं होतं. प्रत्यक्षात पंजाब-हरियाणात बाजारात आलेला बहुतेक गहू नि धान सरकार हमीभावाने उचलतं, आणि तूर-सोयाबीनवाल्याच्या वाट्याला येते ओलावा मोजणारी यंत्रं, बारदाना संपल्याची सूचना आणि बंद पडलेलं खरेदी केंद्र. माझा मुद्दा इथे आहे. डाळ आणि तेल कमी पडतं म्हणून आपण आयात करतो, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. ज्या पद्धतीने आयात करतो त्यामुळे ती तूट दरवर्षी नव्याने तयार होते.

तेलाचा इतिहास याची साक्ष देतो. 1986 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. बियाणं, भाव, खरेदी, प्रक्रिया या सगळ्यांचा एकत्र विचार त्यात होता. 1993-94 पर्यंत खाद्यतेलाची आयात गरजेच्या अगदी थोड्या टक्क्यांवर आली. याला पीतक्रांती म्हणतात आणि धवलक्रांतीइतकी ती कुणाच्या लक्षात नाही, कारण ती टिकली नाही. 1994 मध्ये पामोलीनची आयात खुली झाली, पुढे शुल्क उतरत गेलं आणि दहा वर्षांच्या आत आपण पुन्हा परक्या तेलावर आलो. मधल्या काळात शेतकऱ्याची अक्कल कमी झाली नव्हती, जमीनही तीच होती. बदललं होतं ते बंदरावरचं शुल्क. आजही तोच खेळ चालू आहे. सप्टेंबर 2024 मध्ये, ऐन सोयाबीन निघायच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवून एकूण 27.5 टक्के केलं. मे 2025 अखेरीस, पुढच्या पेरणीच्या तोंडावर, ते 16.5 टक्क्यांवर आणलं. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं तेव्हा 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायची परवानगी निघाली. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ झालं. यवतमाळच्या वेचणीचे महिने नेमके तेच. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला.

पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव हा पूर्वेकडचा भाग. इथे कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलाम ही आदिवासींतलीही विशेष असुरक्षित मानली गेलेली जमात, आणि तिची जुनी शेती ज्वारी, मका, तूर, बरबटी अशी पोटापुरती, मिसळ पिकांची. हीच शेती पुन्हा आणा, असा सल्ला देणारे शहरात पुष्कळ भेटतात. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हा ज्वारीला ‘श्रीअन्न’ ही पदवीही मिळाली. पदवीने कणीस भरत नाही. खरिपातली ज्वारी कमी का झाली याची कारणं या भागात धुऱ्यावर उभं राहून कुणालाही कळतील. ऐन काढणीत पाऊस आला की दाणा काळा पडतो आणि काळी ज्वारी व्यापारी मातीमोल मागतो. टिपेश्वरच्या जंगलालगतच नव्हे, आता सगळीकडेच रानडुकरांचे कळप आहेत; राखणीला रात्रभर वावरात बसायला घरात माणूस उरलेलं नाही. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, तसा कडब्याचा भाव गेला, आणि कडबा हा ज्वारीच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा होता. त्यातच रेशनवर जानेवारी 2023 पासून माणशी पाच किलो धान्य फुकट. 2025-26 मध्ये संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये जाहीर झाला, पण पाच किलो फुकट मिळत असताना आपलं वावर रानडुकरांपुढे कोण ठेवील? शेतकऱ्याने हिशेब केला आणि तो बरोबर केला. ज्वारी सोडली यात त्याची चूक मला तरी दिसत नाही. घरच्या भाकरीपुरती एकर-अर्धा एकर ज्वारी राहावी, तीही रब्बीत, ओलिताची सोय असेल तिथे, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्यापुढे जाऊन जिल्ह्याला ज्वारीच्या कोठारात परत नेण्याची भाषा मला पोकळ वाटते.

आर्णीवरून महागाव तालुक्यात शिरलं की चिलगव्हाण लागतं. या गावच्या एका शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 रोजी आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते आणि 2017 पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून दरवर्षी त्या तारखेला हजारो लोक एक दिवस अन्नत्याग करतात. शेतकऱ्याच्या दुःखाची आठवण अन्न सोडून करावी, याहून बोलकं काय असणार! पुढे 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात यवतमाळ होता. मला मात्र त्या पॅकेजहून एक लहानसा सरकारी निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट 2015 पासून मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना दोन रुपये किलो गहू आणि तीन रुपये किलो तांदूळ मिळू लागला. 2023 पासून त्या धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये थेट खात्यात येऊ लागले, पुढे ते 170 झाले. दारिद्र्यरेषेवरचा, जमीन असलेला शेतकरी धान्य विकत घेऊन खातो आणि ते घ्यायलाही त्याच्या हाती पैसा पुरत नाही, याची ही लेखी कबुली आहे. पण कबुलीतलं दुसरं वाक्य सरकारने लिहिलं नाही. पैसा का पुरत नाही? तो जे विकतो त्याला भाव नाही म्हणून. त्याच्या तुरीला हमीभावापेक्षा क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले तर दहा क्विंटलांत दहा हजार गेले. वर्षाकाठी माणशी दोन हजार चाळीस रुपये देऊन त्याची भरपाई पाच माणसांच्या घरालाच जेमतेम होते.

पुसद तालुक्यात गहुली आहे, वसंतराव नाईकांचं गाव. बंजारा समाजातला, 1 जुलै 1913 रोजी इथे जन्मलेला हा माणूस डिसेंबर 1963 पासून 1975 पर्यंत मुख्यमंत्री होता आणि त्याची जयंती महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळतात. 1965 साल. अमेरिकेचा पीएल-480 चा गहू बंदरात उतरेल तेव्हा देशात चूल पेटायची. 1966 मध्ये तर सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. अशा वेळी पुण्यात शनिवारवाड्यासमोर नाईकांनी जाहीर केलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला भर चौकात फाशी द्या. या प्रतिज्ञेची कथा प्रत्येक कृषिदिनाच्या भाषणात येते आणि प्रतिज्ञा पुरी झाली असंही सांगितलं जातं. तसं ते सरळ नाही. 1972 च्या दुष्काळात लोकांना पुन्हा अमेरिकेची लाल मिलो खावी लागली आणि कामावर सुकडी वाटावी लागली. तरीही नाईकांच्या कामाची किंमत कमी होत नाही, आणि ती प्रतिज्ञेत नाही, तिच्या मागच्या यंत्रणेत आहे. 1964 मध्ये आलेली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी गावोगाव पोहोचवली गेली, ज्वारीची सरकारी खरेदी झाली, राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं 1968 ते 1972 या काळात उभी राहिली. आणि याच मुख्यमंत्र्याने 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. म्हणजे धान्य पिकवा असं सांगणाऱ्या सरकारने धान्याचा भाव धरला आणि कापूस पिकवणाऱ्यालाही भाव धरून दिला. पुढे एकाधिकार योजनेत तोटा साचला, चुकाऱ्याला उशीर झाला, भ्रष्टाचार झाला, आणि ती गेली. तिचं पुनरुज्जीवन करा असं मी म्हणणार नाही. मात्र स्वयंपूर्णता हवी असेल तर आधी खरेदीची हमी हवी, हे नाईकांना कळलं होतं आणि त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांना ते कळतंय असं वाटत नाही.

भाव मिळाला तर शेतकरी काय करतो याचा पुरावा फार जुना नाही. 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षं पावसाने दगा दिला आणि 2015 मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली. पुढच्या खरिपात देशभर तूर पेरली गेली, पाऊसही बरा झाला आणि तुरीचं उत्पादन 2015-16 मधल्या सुमारे 25 लाख टनांवरून एका वर्षात 48 लाख टनांच्या घरात गेलं. जवळजवळ दुप्पट. जगात क्वचितच कुठल्या देशाच्या शेतकऱ्याने इतक्या लवकर हाकेला ओ दिली असेल. आणि त्याला काय मिळालं? जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी डाळ आयातीचा करार झाला होता, त्या वर्षी एकूण डाळींची आयात 66 लाख टनांवर गेली, आणि तूर घरात येईपर्यंत बाजार 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. एप्रिल 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांसमोर पोत्यांच्या रांगा लागल्या. पुढे मे 2021 पासून तुरीची आयात खुली झाली आणि मुदत संपत आली की ती वाढवली जाऊ लागली. डिसेंबर 2023 पासून पिवळा वाटाणाही शुल्काशिवाय आला आणि बेसनात हरभऱ्याच्या जागी बसला. एवढं झाल्यावर तुरीचं क्षेत्र का वाढत नाही असा प्रश्न चर्चासत्रांतून विचारला जातो.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरातून येतो: आयात बंद केली तर डाळ नि तेल महाग होईल, आणि शेतमजूर व कामगारालाच ते जास्त बोचेल. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मी आयात बंद करा असं म्हणत नाही. देशाला आज आयातीशिवाय गत्यंतर नाही. पण गरिबाला स्वस्त डाळ देण्याचा मार्ग शेतकऱ्याचा भाव पाडण्यातूनच जातो, हे कुणी ठरवलं? गहू-तांदळाच्या बाबतीत आपण तसं करत नाही. तिथे सरकार हमीभावाने घेतं आणि तोटा स्वतः सोसून रेशनवर देतं. डाळीच्या बाबतीत हा तोटा सरकारऐवजी यवतमाळच्या शेतकऱ्याच्या माथी मारला आहे, एवढाच फरक. तूरडाळ रेशनवर नेमाने दिली तर एकाच वेळी खरेदीला कारण मिळतं आणि ग्राहकाला दिलासा. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात किलोभर हरभरा डाळ होती हे चांगलं, आणि लिटरभर तेल होतं ते पामतेल. सोयाबीन नि सरकीच्या जिल्ह्यांत सरकारनेच परदेशी पामतेल वाटलं, याला आणखी काय म्हणावं! दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा: आपलं सोयाबीन हेक्टरी टनाच्या आसपास, अमेरिका-ब्राझीलचं तिपटीहून जास्त, आणि पाम तर हेक्टरी तीन-चार टन तेल देतं, या स्पर्धेत आपण उतरूच नये. उत्पादन कमी आहे हे खरं. जेएस-335 हे वाण किती वर्षं धरून ठेवणार, पिवळ्या मोझॅकने 2023 मध्ये विदर्भातलं सोयाबीन वाळलं तेव्हा पर्यायी बियाणं किती होतं, हे प्रश्न विद्यापीठांना विचारलेच पाहिजेत. तुरीत मर रोगाला दाद न देणारे ‘मारोती’ आणि ‘आशा’ हे वाण इक्रिसॅटने दिले तेव्हा फरक पडला होता. संशोधन निरुपयोगी नसतं. पण ज्या पिकाचा भाव दरवर्षी सरकारी अधिसूचनेवर हेलकावे खातो त्यात शेतकरी ठिबक, खत, चांगलं बियाणं यांवर पैसा घालणार नाही. उत्पादन वाढलं की भाव मिळेल, असं सांगणाऱ्यांनी 2016-17 विसरू नये.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या पुस्तकातला, आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. ज्याला जे बरं पिकतं ते त्याने पिकवावं, विकावं आणि बाकीचं विकत घ्यावं. यवतमाळने ज्वारी पिकवायची गरज नाही तशी भारतानेही तेल पिकवायची गरज नाही. जिल्ह्यापुरतं मी हे आधीच मान्य केलं आहे. देशापुरतं मान्य करायला 2022 आड येतं. त्या वर्षी युक्रेनचं सूर्यफूल तेल युद्धाने अडलं आणि 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी साडेतीन आठवड्यांत उठली, पण तेवढ्यात आपल्याकडचे भाव भडकले. इंडोनेशियाला नावं ठेवायचं कारण नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपण गव्हाची निर्यात थांबवली आणि जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. आपल्या माणसांना कमी पडेल असं वाटलं की प्रत्येक सरकार हेच करतं. जिल्हा आणि देश यांत फरक हाच: पंजाबने यवतमाळचा गहू अडवायचा ठरवला तरी त्याला तो अधिकार नाही, जाकार्ताला मात्र आहे. म्हणून एका देशातल्या जिल्ह्यांनी आपसांत वाटणी करावी, आणि ज्याचं उत्पन्न देशाला बाहेरून आणावं लागतं त्याला देशाने सर्वांत भक्कम भाव द्यावा. आज नेमकं उलट आहे. संपूर्ण स्वयंपूर्णता मला नको आहे. तेलात 40-45 टक्क्यांवरून साठ-पासष्टला जाणं आणि डाळीत जवळपास पुरेसं होणं, एवढं झालं तरी परक्या बंदरावर आपली चूल टांगलेली राहणार नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने डाळींतल्या आत्मनिर्भरतेचं अभियान सुरू केलं: 11,440 कोटी रुपये, 2030-31 ची मुदत, 350 लाख टनांचं लक्ष्य, आणि तूर, उडीद, मसूर चार वर्षं नाफेड व एनसीसीएफमार्फत शंभर टक्के खरेदी करण्याची हमी. नाईकांच्या प्रतिज्ञेनंतर इतकं मोजता येण्यासारखं आश्वासन यवतमाळच्या तूर उत्पादकाला मिळालं नव्हतं, आणि मी ते मनापासून स्वागतार्ह मानतो. अडचण एवढीच, की अभियान सुरू झालं तेव्हा परदेशी तूर शून्य शुल्काने येतच होती. ती सवलत 31 मार्च 2026 पर्यंत आधीच वाढवून ठेवलेली. 2025-26 च्या आठ हजार रुपयांच्या हमीभावाचं आश्वासन आणि बंदरावरचा उघडा दरवाजा हे एकाच सरकारचे दोन निर्णय होते. तूर बाजारात येते डिसेंबर ते मार्च. निदान या चार महिन्यांत आयात तुरीवर शुल्क राहील आणि ते किती राहील, हे दरवर्षी पेरणीआधी, जूनमध्ये, लेखी जाहीर करा, एवढी एकच मागणी यवतमाळच्या आमदार-खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून लावून धरावी. आणि येत्या 1 जुलैला जे गहुलीला जातील त्यांनी या आमदार-खासदारांना त्या मागणीचं काय झालं ते विचारावं.